‘अ मॉन्स्टर कॉल्स’ : दिवाळी ते आखाजी घरात फिरलेलं पुस्तक

पॅट्रिक नेस या लेखकाचं हे इंग्रजी पुस्तक दिवाळीनंतर मागवलं, आता आखाजीही (आमच्याकडची अक्षय तृतीया) होऊन गेली. एवढ्या दिवसांत ते भाच्याकडून ताईकडे आणि ताईकडून माझ्याकडे फिरत राहिलंय. दाजींना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. भाचा नववीत. त्याची आजी येईल-जाईल त्याला सांगायची, ‘पोऱ्या रडस बी नई.’ रडत नव्हता हे खरं, पण दारं आपटायचा, भरल्या ताटावरून उठायचा. बापाची मोटारसायकल विकायची गोष्ट निघाली त्या दिवशी त्यानं तिचा आरसा दगडानं फोडला.

कथा थोडक्यात सांगते. कॉनर तेरा वर्षांचा, आई कॅन्सरनं आजारी, बाप दुसरं लग्न करून अमेरिकेत. घरामागचं यूचं (तिकडचा एक सदाहरित वृक्ष) जुनं झाड रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी राक्षस होऊन खिडकीशी येतं. तो तीन गोष्टी सांगणार, चौथी कॉनरनं सांगायची आणि ती खरी हवी. कल्पना मुळात शिवॉन डाउड या लेखिकेची. ती स्वतः २००७ मध्ये कॅन्सरनं गेली, मग नेसनं ती हाती घेतली आणि पुस्तक २०११ मध्ये आलं.

आमच्या घरात उपयोगी पडला तो मधला भाग. कॉनर रागाच्या भरात आजीची बैठकीची खोली, तिच्या जुन्या घड्याळासकट, फोडून टाकतो. पुढे शाळेत एका मुलाला बेदम मारतो. दोन्ही वेळा तो शिक्षेची वाट बघतो आणि दोन्ही वेळा मोठी माणसं म्हणतात, आता तुला शिक्षा करून काय उपयोग? वाचताना मला ते समजूतदारपणाचं वाटलं होतं. भाचा मात्र ती पानं वाचून म्हणाला, ‘मावशी, मला पण कोणीच रागवत नाही.’ खरंच होतं. वही अपुरी असली तरी सर पुढच्या बाकाकडे वळायचे, शेजारीपाजारी ‘जाऊ द्या, बाप गेलाय’ म्हणायचे, आणि आम्हीही त्यातलेच. ताईनं पुस्तक वाचलं आणि पुढच्या वेळी दार आपटल्याबरोबर त्याला पहिल्यासारखं झापलं. तोंड वाकडं करून का होईना, उठला आणि दार नीट लावून आला.

आई जाण्याची गोष्ट म्हटली की आपल्याला ‘श्यामची आई’ आठवते. साने गुरुजींनी ती १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्याआधी ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, म्हणून आम्हा खान्देशातल्यांना ती जरा जास्तच जवळची. पण आई गेल्यावर श्याम रडतो, स्वतःला दोष देतो. काही फोडत नाही. न रडणाऱ्या पोराच्या हातात मी ती देणार नाही.

एक ठिकाण मात्र सांभाळून. कॉनरच्या आईला यूच्या झाडापासून बनलेलं औषध देतात आणि त्याची सगळी आशा त्या झाडावर बसते. हे लेखकाच्या मनचं नाही. पॅसिफिक यूच्या सालीत सापडलेलं पॅक्लिटॅक्सेल आज कितीतरी कॅन्सरमध्ये देतात. दाजींच्या फायलीतही ते नाव होतं. भाच्यानं ते मोबाइलवर शोधलं, ‘म्हणजे हेच झाड?’ असं विचारलं आणि पुस्तक कपाटावर फेकलं. बरेच दिवस ते तिथेच पडून होतं. तेव्हा दहावं-तेरावं झालं की लगेच हे पुस्तक हातात देऊ नका, थोडे महिने जाऊ द्या.

राग गेला का? नाही. आखाजीला गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात, तशी दाजींची भरली, वर डांगर (खरबूज) ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या आणि याला पुजेला बसवलं तर, ‘मला नाही करायचं.’ फरक एवढाच की या वेळी का नाही, तेही आईला सांगितलं, दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यापासून सगळं. काय बोलला ते इथे लिहीत नाही. चौथी गोष्ट वाचलेल्यांना अंदाज येईल. अर्ध्या तासानं येऊन बसला.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. वैद्य आणि धर्मगुरूची दुसरी गोष्ट भाच्याला दोनदा वाचूनही पटली नाही, मलाही ती ओढूनताणून वाटते. कॉनरची आजी शेवटाकडे फार लवकर मवाळ होते. इंग्रजी सोपं आहे, वाक्यं छोटी आहेत. सेमी इंग्लिशच्या नववीतल्या मुलाला अडत नाही, फक्त पहिली काही पानं कोणीतरी सोबत वाचावीत.

घेताना जिम केच्या चित्रांची आवृत्ती बघून घ्या, बिनचित्रांचीही मिळते. काळ्या शाईतलं ते झाड समासातून मजकुरावर चालून येतं. २०१२ मध्ये लेखनाचं कार्नेगी पदक आणि चित्रांचं केट ग्रीनअवे पदक ही दोन्ही याच पुस्तकाला मिळाली होती. वाचायला कंटाळणारा पोरगा निदान चित्रांसाठी पानं उलटतो, आमच्याकडे सुरुवात तशीच झाली.