नंबर न बघता घेतलेली तिकिटं

मी आमच्या छोट्या धर्मादाय संस्थेचा खजिनदार. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात राहतो, आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले आणि स्वतःच्या संस्थेच्या हिशेबात सपशेल गंडलो. लाज वाटते, पण इथल्या दोन-तीन मंडळींनी "आम्हीही नेवाडा तिकिटं सुरू करतोय" असं सांगितलं, म्हणून लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कागदी पुठ्ठ्याचं छोटं तिकीट असतं, मागे खिडक्या. त्या सोलायच्या, आत चित्रं जुळली तर बक्षीस. कागदोपत्री नाव ब्रेक ओपन तिकीट, दुकानात सगळे नेवाडा म्हणतात. कॅनडात लॉटरी चालवणं एरवी गुन्हाच. फौजदारी कायद्याच्या कलम २०७ नं धर्मादाय आणि धार्मिक संस्थांना प्रांताच्या लायसन्सवर सूट दिली आहे, तीही पैसा धर्मादाय कामातच जाईल या अटीवर. आम्ही लायसन्स सिटी हॉलमधून, म्हणजे नगरपालिकेतून काढलं, एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या जेवणाच्या डब्यांसाठी. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला तेव्हा कमिटीत एकानं हा पैसा तिकडे पाठवू म्हटलं. पाठवता येत नाही, ऑन्टारियोतल्या लोकांसाठीच वापरावा लागतो. त्या पुरासाठी आम्ही वेगळी वर्गणी काढली. एवढे नियम आम्हाला पाठ होते, म्हणून तर स्वतःचा जास्त राग येतो.

तिकिटं विकणारा दुकानदार आपलाच. महाराष्ट्रातला, गणपतीला सहकुटुंब यायचा, आरतीला टाळ वाजवायचा. पहिल्या दिवशीच म्हणाला, "काका, तुम्ही या वयात चकरा कशाला मारता? आठवड्याला मी हिशेब आणून देतो." मला किती बरं वाटलं! तिकिटं विकणारं दुकान प्रांताच्या अल्कोहोल अँड गेमिंग कमिशनकडे नोंदलेलं असावं लागतं. तो कागद मी मागितलाच नाही. घरच्या माणसाकडे कागद कसा मागायचा?

आमच्या एका डब्यात २,४०० तिकिटं, प्रत्येकी ५० सेंट. सगळा डबा विकला की १,२०० डॉलर. त्यातले ८७६ बक्षिसांत जाणार: शंभराची ४, पन्नासाची ४, दहाची ८, एकेक डॉलरची १९६. उरले ३२४. त्यातून डब्याची किंमत, दुकानदाराचं कमिशन, लायसन्सची फी. म्हणजे संस्थेच्या हातात फार काही येत नाही आणि गडबडीला जागाच नाही, असं मी समजत होतो.

मग एका आठवड्यात त्यानं हिशेब आणला. १,५०० तिकिटं विकली, ७५० डॉलर. बक्षिसं मात्र ७९०. मोठी आठही बक्षिसं लागून गेली, आता उरलेली ९०० कोण घेणार, डबा बंद करतो म्हणाला. वर संस्थेनंच त्याला ४० डॉलर द्यायचे! कारण ऐकायला खरं वाटतं, कारण ते खरंच घडतं. डब्याबरोबर बक्षिसांचा तक्ता येतो, मोठं बक्षीस लागलं की त्यावर खूण करतात, आणि रोजची गिऱ्हाइकं आधी तक्ता बघतात. शंभराची सगळी गेलेली दिसली की पाठ फिरवतात. मी सही करून टाकली असती.

आमची सून त्या दिवशी शेजारी भाजी निवडत बसली होती. जिंकलेली तिकिटं सहज हातात घेऊन म्हणाली, "बाबा, या दोघांचा नंबर वेगळा आहे."

प्रत्येक तिकिटावर डब्याचा सिरियल नंबर छापलेला असतो, त्याच डब्याच्या सगळ्या तिकिटांवर आणि तक्त्यावर एकच. आमच्या डब्याचा शेवट ४१७. शंभराच्या चारपैकी दोन तिकिटांवर ४७१. चित्रं तीच, रंग तोच, डबा दुसराच. कुठल्या तरी दुसऱ्या संस्थेच्या डब्यातली, एकदा पैसे देऊन झालेली तिकिटं आमच्या गठ्ठ्यात घातलेली. बक्षीस देताक्षणी तिकीट बाद करायचं असतं, भोक पाडून किंवा पेनानं खोडून. या चारही तिकिटांवर साधी रेघसुद्धा नव्हती. मग उरलेला गठ्ठा मोजला. ९०० म्हणून दिलेली तिकिटं भरली ७१२. उरलेली १८८ विकून पैसे खिशात गेले असणार, आणि आमची खरी शंभराची दोन तिकिटंही त्यातच असावीत.

रात्री आधीच्या डब्यांतल्या जिंकलेल्या तिकिटांची जुनी पाकिटं उघडली. आधीच्या ११ डब्यांपैकी ४ मध्ये हाच प्रकार. सापडलं तेवढं अकराशे चाळीस डॉलर. आणि या सगळ्यांचे अहवाल मी स्वतःच्या सहीनं सिटी हॉलला दिलेले.

दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. लायसन्स बघणारी बाई शांतपणे ऐकत होती. मी दुकानदाराबद्दल बोलत होतो, ती माझ्याबद्दल विचारत होती. पैसे वेगळ्या लॉटरी ट्रस्ट खात्यात भरता ना? चेकवर दोन सह्या असतात ना? जिंकलेली तिकिटं नंबराशी ताडून घेतलीत ना? खातं होतं, पण रोख माझ्या कपाटात दोन-दोन आठवडे पडलेली असायची. सह्या दोन होत्या, दुसरी मी कोऱ्या चेकवर आधीच घेऊन ठेवायचो. तिसऱ्या प्रश्नाला मी गप्प. ती म्हणाली, विकणारा कुणीही असो, लायसन्स तुमचं आहे, लॉटरी तुम्हीच चालवायची असते. पुढचा अर्ज तिनं बाजूला ठेवला. वृद्धांच्या जेवणाच्या डब्यांसाठी सध्या आम्ही घरोघरी पैसे मागतोय.

तुम्ही सुरू करणार असाल तर डबा दुकानात जाण्याआधी सिरियल नंबर स्वतःच्या वहीत लिहा, तक्त्याचा फोटो काढा आणि जिंकलेली तिकिटं घेताना नंबर एकेक करून बघा. कंटाळवाणं काम आहे. एका डब्यात दोनशेच्या वर जिंकलेली तिकिटं निघतात. दोघांनी बसून करा, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टिकमार्क. अर्धा तास लागतो. मध्येच अचानक दुकानात जाऊन तक्ता बघा. दुकानदार रागावला तर रागावू दे.

आमचा दुकानदार रागावला नाही. फोनवर म्हणाला, "काका, दोनशे डॉलरसाठी एवढं?" संध्याकाळी त्यानं माझ्या वैयक्तिक खात्यावर दोनशे डॉलर पाठवले. ते परत पाठवायचे की ट्रस्ट खात्यात भरायचे, हे सिटी हॉलला लेखी विचारलं आहे. उत्तर यायचंय.