१०० मिमीचं बेअरिंग हवंय? मशीद बंदरला उतरा

डिप्लोमाच्या मुलांना मी रोबोटिक्स शिकवते. यंदा एका गटाने रोबोटिक आर्मचा, म्हणजे यांत्रिक हाताचा, फिरता पाया करायला घेतला. वायरी मधूनच वर न्यायच्या, म्हणून बेअरिंगचं भोक १०० मिमी हवं. उपनगरातल्या हार्डवेअरवाल्यांकडे स्कूटरच्या चाकाची, पंख्याची, मिक्सरची बेअरिंगं मिळतात. एवढं मोठं कुणी ठेवत नाही. मुलांनी एका साइटवरून ॲल्युमिनियमचं लेझी सुझन, म्हणजे फिरत्या ताटाखाली असते तशी फिरती चकती, मागवलं. खोक्यातून काढलं तेव्हाच त्यातला प्ले, म्हणजे ढिलेपणा, हाताला लागत होता. ७०० मिमी लांब हाताच्या टोकाला तो किती वाढेल हे मोजायचीही गरज नव्हती.

मग मुलांना घेऊन मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला गेले. मशीद स्टेशनवरून चालत जाता येतं. हातगाड्या, पोती, हमाल यांतून वाट काढायची तयारी ठेवा. दुकानं अरुंद, पण माळ्यापर्यंत खोकी रचलेली. सांगायचं आहे ते त्यातल्या एका काउंटरबद्दल. बाकीच्यांनी "नंबर बोला" एवढंच म्हटलं. इथल्या काकांनी आधी विचारलं, "वजन वरून दाबतंय की बाजूला कलंडवतंय?" माझ्या मते बेअरिंगच्या दुकानात याहून चांगला प्रश्न नाही.

त्यांनी तीन खोकी काढली. पहिलं ६०२० नंबरचं : भोक १००, बाहेरून १५० मिमी, वजन सव्वा किलोच्या आसपास. दुसरं ६८२० : भोक तेच १००, पण बाहेरून १२५, जाडी फक्त १३ मिमी आणि वजन जेमतेम ३०० ग्रॅम. तिसरं ५११२०, थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे वरून दाबणारं वजन पेलणारं. मुलांचा डोळा थ्रस्टवर होता, कारण पाया म्हटला की वरून वजन येणार. काकांनी ते काउंटरवर ठेवून वरची चकती एका कडेला दाबली. दुसरी कड उचलली गेली. "हे एकटं हाताला धरणार नाही. ६८२० दोन घ्या आणि मधे अंतर ठेवा." मुलांनी तिथेच हिशेब मांडला. टोकाला २ किलो, लांबी ७०० मिमी, म्हणजे साधारण १४ न्यूटन-मीटर. दोन बेअरिंगांत ४० मिमी अंतर ठेवलं तर प्रत्येकावर ३५० न्यूटन. हाताचं स्वतःचं वजन धरलं तरी ६८२०ला हे हलकंच. वर्गात हेच गणित मी फळ्यावर शिकवलं होतं, पण चकती उचलली गेलेली पाहिल्यावर ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

दाब आणि कलंडणं दोन्ही एकट्याने पेलणारं क्रॉस रोलर बेअरिंग तयार मिळालं नाही. ते ऑर्डरवर येतं आणि किंमत कित्येक पट. अचूकता फार हवी असेल तर तेच घ्यावं, पण विद्यार्थ्यांच्या अशा फिरत्या पायासाठी ६८२०ची जोडी पुरते. मात्र त्यासाठी हौसिंगचं, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं त्या भागाचं, काम चांगल्या टर्नरकडेच (लेथवाल्याकडेच) द्या. १२५चा बोअर एच-७ या काटेकोर मापात आणि दोन्ही बेअरिंगांच्या बैठका एकाच सेटिंगमध्ये, म्हणजे काम मशीनवरून न काढता, व्हायला हव्यात. नाहीतर बेअरिंग कितीही भारी घेतलंत तरी पाया अडकत फिरेल. कोपराच्या सांध्यासाठी त्यांनी बेअरिंग विकलंच नाही. "तिथे हळू फिरतंय, गनमेटलचा बुश (धातूची साधी नळी) लावा," म्हणाले आणि गुलालवाडीत जायला सांगितलं. हातचं गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवणारा दुकानदार मला फार आवडला.

नावाजलेल्या कंपन्यांच्या नकली मालाची भीती या धंद्यात खरी आहे. पक्कं बिल मागा. जीएसटी १८ टक्के लागतो, तो वाचवायला जाऊ नका. एसकेएफचं खोकं असेल तर फोटो पाठवून कंपनीकडूनच खात्री करून घ्यायचं त्यांचं ॲप आहे, ते वापरा. काकांनी हे स्वतःहून सांगितलं.

एकच अडचण. तेलाचा कागद फाडला की माल परत घेत नाहीत. तेव्हा ड्रॉइंग सोबत न्या आणि कागद फाडण्याआधी खोक्यावरचा पूर्ण नंबर वाचा, शेवटची अक्षरंसुद्धा. झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण, टूआरएस म्हणजे रबराचं सील. सी-३ असेल तर आत जास्त ढील. आपल्या फिरत्या पायात तो ढील नको.