उघडा फोन मीच चोराच्या हातात दिला

आकडा आधीच सांगून टाकतो. ३,८०,०८७ रुपये, स्पेनच्या ट्रिपमध्ये गेलेले. हिशोब पुढे येईलच. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या, घरच्यांचं हसून झालंय.

मी काही पहिल्यांदा घराबाहेर पडलेला माणूस नाही. सव्वीस वर्षं पुणे-मुंबई स्वतः गाडी चालवतोय. सिग्नलला कुणी काचेवर टकटक करून "काका, ऑइल गळतंय" म्हणालं तर मी मान वळवूनही बघत नाही. दहा-दहाच्या नोटा रस्त्यावर टाकून "तुमचे पैसे पडले" म्हणणारी पोरं मी स्वारगेटला पाहिली आहेत. म्हणजे ही जात मला माहीत होती. तरी फसलो. कारण मनात पक्कं बसलं होतं की असले धंदे आपल्याकडे चालतात, युरोपात नाही. हा माज मला महागात पडला, असं बायकोचं म्हणणं आहे. मी अजून मान्य केलेलं नाही.

मे २०२५. मुलगी फ्रान्समध्ये तुलूझला शिकते. तिची परीक्षा चालू होती, म्हणून आम्ही दोघंच भाड्याची गाडी घेऊन बार्सेलोनाला निघालो. हजार रुपये भरून आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला होता. स्टिअरिंग डावीकडे, रस्त्याची बाजू उजवी, याचा तुलूझमध्येच दोन दिवस सराव केला. स्पेनमध्ये चालवताना फोन नुसता हातात दिसला तरी २०० युरो दंड आणि परवान्याचे ६ गुण जातात, हेही वाचलं होतं. म्हणून १४.९९ युरोचा होल्डर घेऊन फोन डॅशबोर्डवर बसवला. कायदा पाळायचा म्हणून फोन असा समोर, उघडा, सगळ्यांना दिसेलसा ठेवला.

आणि सगळं त्या एकाच फोनमध्ये. नकाशा त्यात, हॉटेलचं बुकिंग त्यात, ओटीपी येणारं भारतातलं सिम त्यात, डेटाचं ई-सिम त्यातच. बायकोच्या फोनला रोमिंग घेतलं नाही. "दोघं एकत्रच असणार, कशाला दोनदा पैसे?" हे वाक्य माझं. दुसऱ्या फोनला रोमिंग घ्या. नाहीच घ्यायचं तर निदान ऑफलाइन नकाशा तरी उतरवून ठेवा, तो फुकट असतो.

नारबोनवरून ए-९ महामार्गाने खाली आलो. ला जोंकेराला सीमा ओलांडली की तोच रस्ता एपी-७ होतो. त्यावरचा टोल सप्टेंबर २०२१ पासून बंद आहे, त्यामुळे गाड्या सुसाट. सीमेनंतरच्या एका पेट्रोल पंपावर थांबून कॉफी घेतली. आमच्या गाडीला फ्रान्सची नंबरप्लेट, मागच्या सीटवर सॅक, आणि होल्डरमध्ये फोन लावत बसलेला मी. आणखी काय पाटी लावायची राहिली होती?

पंपावरून निघून दहा मिनिटं झाली असतील. डाव्या लेनमधून एक करडी गाडी शेजारी आली. टोपीवाला माणूस काच खाली करून हाताने खूण करत होता. "टायर! टायर!" मागच्या चाकाकडे बोट. चेहरा इतका काळजीचा की मीच ओशाळलो.

इथे मी माझी बाजू मांडणार आहे. आपल्याकडे रस्त्यावर असा ओरडणारा माणूस चांगलाच असतो. "दादा, साइड स्टँड!", "ताई, ओढणी!", "काका, मागचं दार उघडं आहे!" आयुष्यभर आपण हे ऐकून थांबतो, आणि स्वतःही ओरडतो. तो हात बघून माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

पण समोर मीटरमध्ये टायरच्या हवेचा पिवळा दिवा असतो ना, घोड्याच्या नालेसारखा, मधे उद्गारचिन्ह असलेला. युरोपात २०१४ च्या नोव्हेंबरपासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये हवेचा दाब पाहणारी यंत्रणा सक्तीची आहे. हवा कमी झाली की दिवा लागतो. तो लागला नव्हता. गाडी देताना काउंटरवरच्या मुलीने बोट ठेवून तो दिवा दाखवला होता, मी "येस, येस" म्हणालो होतो. स्टिअरिंग ओढत नव्हतं, चाकाचा आवाज नव्हता, दिवा नव्हता. मी दिव्याकडे बघितलंच नाही. मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होतो. चार महिने झाले, रात्री तीनला जाग येते आणि तो न लागलेला दिवा समोर दिसतो.

तो पुढे झाला, इंडिकेटर देऊन बाहेर पडायचा रस्ता दाखवला. मी त्याच्या मागे. नकाशातली बाई "यू-टर्न घ्या" म्हणून घसा फोडत होती. तिचंच ऐकायला हवं होतं.

एका ओसाड बाजूरस्त्यावर थांबलो. ते दोघं होते, एक टोपीवाला, एक चष्मेवाला. चष्मेवाल्याने बायकोला हातवारे करून गाडीतून उतरवलं आणि लोखंडी कठड्यापलीकडे उभं केलं. "सेफ्टी, सेन्योरा." मला वाटलं, बघा, किती शिस्त आहे लोकांना. टोपीवाला मागच्या चाकाशी उकिडवा बसला. आणि मग फुस्स्स असा आवाज सुरू झाला.

मी काय म्हणालो माहीत आहे? बायकोला म्हणालो, "बघ, बरं झालं थांबलो." तो बसल्यावर हवा जायला लागली, हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही. नंतर टायरवाल्याने दाखवलं, कडेला बोटभर चीर होती. कडेची चीर पॅच मारून भागत नाही, टायर बदलावाच लागतो.

स्टेपनी काढायला डिकी उघडली, तर आत स्टेपनीच नाही! हल्ली बऱ्याच भाड्याच्या गाड्यांत हवा भरायचं छोटं यंत्र आणि फेसाची बाटली एवढंच असतं. गाडी ताब्यात घेताना डिकीचा तळ उचलून बघा. मी घामाघूम. चष्मेवाला म्हणाला, "तायेर, तायेर, फाइव्ह मिनित." तायेर म्हणजे त्यांच्याकडे गॅरेज. तुमच्या नकाशात पत्ता टाकून देतो, अशी खूण केली. मी होल्डरमधून फोन काढला आणि त्याच्या हातात दिला.

स्वतःच्या हाताने. उघडा फोन. नकाशा चालू असला की स्क्रीन बंद होत नाही, कुलूप लागत नाही, हे मला वापरून वापरून माहीत होतं. फक्त ते चोराच्या बाजूने कधी बघितलं नव्हतं. अँड्रॉइडमध्ये ॲप पिनिंग असतं, आयफोनमध्ये गाइडेड ॲक्सेस. ते चालू केलं की नकाशा सोडून दुसरं काही उघडायला पासकोड लागतो. दोन मिनिटांचं काम आहे. मला हे जूनमध्ये कळलं.

उन्हात स्क्रीन दिसत नाही असं दाखवत तो झाडाच्या सावलीकडे गेला, म्हणजे त्यांच्या गाडीकडे. टोपीवाल्याने मला डिकीत वाकून यंत्र शोधायला लावलं. दार आपटल्याचा आवाज आला. मान वर केली तेव्हा करडी गाडी वळणावर होती. मागच्या सीटवरची सॅक गेली. फोन तर मी दिलाच होता. दुपारचे १२:४०.

सॅकमध्ये रोख ६४० युरो, फॉरेक्स कार्ड, क्रेडिट कार्ड. फॉरेक्स कार्डाचा पिन फोनच्या नोट्समध्ये, वर "ट्रिप" असं शीर्षक देऊन. हसा. पासपोर्ट वाचले, कारण ते बायकोच्या कमरेच्या पाऊचमध्ये होते. त्या पाऊचला मी विमानतळावर "एसटी कंडक्टर" म्हणालो होतो.

बायकोच्या फोनवरून ११२ लागला, त्याला रोमिंग लागत नाही. चाळीस मिनिटांनी पोलिसांची गाडी आली. आमची गाडी टोईंगवाल्यावर सोपवून त्यांनी आम्हाला चौकीत नेलं. पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि बसवून ठेवलं. दुभाषा फोनवर येणार, तो आला तासाभराने. अधिकाऱ्याने मी दोन वाक्यं बोलायच्या आत उरलेली गोष्ट स्वतःच सांगितली: पंप, टायर, दोन माणसं. म्हणाला, रोजचं आहे. अरे, रोजचं आहे तर पंपावर एक पाटी लावा ना! गाडीचा नंबर विचारला. मी म्हणालो, करडी. तो पेन ठेवून माझ्याकडे बघत राहिला. शेवटी एक शब्दही न कळणाऱ्या तीन पानांवर सही करून बाहेर पडलो. तरी तो कागद घ्याच. त्याच्याशिवाय पुढे कुणी दारात उभं करत नाही. कागद असूनही मला केलं नाही, ती गोष्ट वेगळी.

आता बँक. चौकीच्या वायफायवरून १:५५ ला मुलीला फोन लागला. तिने त्याच मिनिटाला बँकेला लावला. हेल्पलाइनचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, आणि कार्ड चोराकडे. तिने साइटवर शोधून लावला, तर यंत्र म्हणालं, "आपल्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे." म्हणजे चोराला पाठवला! माणूस लाइनवर आला तर त्याला खातेदाराशीच बोलायचं होतं. खातेदार स्पेनच्या चौकीत, कानाला बायकोचा फोन, एकीकडे दुभाषा. कार्ड बंद झालं ३:१० ला.

तोपर्यंत काय झालं ते स्टेटमेंटमध्ये आहे. १:०५ ला एटीएममधून ३०० युरो, १:०७ ला पुन्हा ३००. २:२५ ला कुठल्याशा ऑनलाइन दुकानात १,१४९. २:५० ला ३८९. शेवटचे दोन, मिळून १,५३८ युरो, मुलगी बँकेच्या लाइनवर गाणी ऐकत असताना गेले.

बँकेचं उत्तर अडीच ओळींचं आलं. व्यवहार योग्य ओटीपीने झाले आहेत, ग्राहकाचा निष्काळजीपणा, बँक जबाबदार नाही. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी आता पाठ केलंय. त्यात लिहिलंय की ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालेलं नुकसान कळवेपर्यंत त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. मी विचारलं, कळवलं म्हणजे कधी? मुलीने फोन केला तेव्हा की तुम्ही तो उचलून ऐकून घेतलात तेव्हा? त्यावर "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" असा मेल आला. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट मुलीने तेव्हाच काढून ठेवले, तेवढं शहाणपण घरात कुणाला तरी होतं. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली आहे. आणि हो, परदेशी जाताना कार्डाची परदेशातल्या खरेदीची मर्यादा ॲपमधून कमी करता येते. माझी पूर्ण उघडी होती, मलाच "लागलं तर" म्हणून.

गाडीवाल्याने टायरचे १८६ आणि टोईंगचे २१४ युरो कापले. काउंटरवर "फुल कव्हर" घेतलं होतं. त्यात टायर, काचा आणि गाडीचं पोट येत नाही, हे सातव्या पानावर आहे. प्रवास विम्यात रोख रक्कम नाही, फोन नाही, गाडीत लक्ष न ठेवता सोडलेलं सामान नाही. लक्ष न ठेवता? मी तीन फुटांवर होतो! पासपोर्ट गेले असते तर पैसे मिळाले असते, असं विमा कंपनीच्या बाईंनी फोनवर अगदी आनंदाने सांगितलं.

परत आल्यावरची कथा वेगळीच. १९३० हा सायबर नंबर स्पेनमधून लागलाच नाही. इथल्या पोलीस ठाण्यात गेलो तर "घटना आमच्या हद्दीतली नाही." मी म्हणालो, खातं तर तुमच्याच हद्दीतल्या शाखेत आहे. "मग बँकेत जा." सिम नवीन काढलं तर त्यावर २४ तास एसएमएस येत नाहीत, म्हणजे ओटीपीही नाहीत. नियम चांगला आहे म्हणे, चोरांपासून संरक्षण. फोन ब्लॉक करायच्या सरकारी पोर्टलला पोलीस तक्रारीची प्रत हवी, माझी स्पॅनिशमध्ये. अखेर झाला ब्लॉक, भारतातल्या नेटवर्कवर. फोन स्पेनमध्ये.

हिशोब: रोख ६४०, एटीएम ६००, ऑनलाइन १,५३८, गाडीवाला ४००, एकूण ३,१७८ युरो. युरो ९६ रुपयांनी धरला तर ३,०५,०८८ रुपये. फोन ७४,९९९. बँकेने लावलेला परकीय चलनाचा साडेतीन टक्के मार्कअप यात धरलेला नाही. चोरीवरही कमिशन घेतात, हे मला माहीत नव्हतं.

काच खाली करू नका. कुणी कितीही बोट दाखवलं तरी मीटरमधला दिवा बघा, आणि थांबायचंच असेल तर पुढच्या गजबजलेल्या पंपापर्यंत हळूहळू जा. उतरलात तर किल्ली खिशात, दारं बंद, आणि फोन तुमच्याच हातात. बायको म्हणते, हे तिने तेव्हाच सांगितलं होतं. नव्हतं सांगितलं. तीही "थँक्यू, थँक्यू" म्हणत होती.

फोन खास या ट्रिपसाठी, कॅमेरा चांगला म्हणून मार्चमध्ये बारा हप्त्यांवर घेतला होता. आज सकाळी ६,२५० रुपये कापल्याचा मेसेज आला. अजून पाच हप्ते राहिलेत.