फेसबुकच्या ‘कस्टमर केअर’ला फोन लावण्याआधी हे वाचा

फेसबुकला फोन लावता येत नाही. इन्स्टाग्रामलाही नाही. पासवर्ड विसरलेल्या साध्या माणसाचा फोन उचलायला तिथे कुणी बसलेलं नसतं, तसा नंबरच कंपनीने ठेवलेला नाही. त्यामुळे इंटरनेटवर ‘फेसबुक हेल्पलाइन’ म्हणून सापडलेला नंबर तुम्ही लावलात आणि पलीकडून कुणी गोड आवाजात बोललं, तर तो चोर आहे हे धरूनच चाला. हे एवढं एक वाक्य माझ्या ताईला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, म्हणून तिच्या परवानगीने सगळं लिहितो आहे.

ताई चिपळूणला असते. कोकम आगळ, फणसपोळी, कुळथाचं पीठ आणि मोसमात हापूसच्या पेट्या असा तिचा घरगुती व्यवसाय आहे, आणि तो बहुतेक सगळा फेसबुकच्या पेजवर चालतो. पुण्या-मुंबईच्या बायका मेसेंजरवर पत्ता टाकतात, ही पेटी पाठवते. ऐन एप्रिलमध्ये तिच्या फोनची स्क्रीन फुटली म्हणून नवा फोन घेतला. त्यात फेसबुक उघडलं तर पासवर्ड मागितला. जुन्या फोनवर अकाउंट वर्षानुवर्षं उघडंच असायचं, पासवर्ड कुणाच्या लक्षात राहणार? जो मोबाइल नंबर अकाउंटला जोडलेला होता तो दोन वर्षांपूर्वीच बंद केलेला. दुसऱ्या दिवशी पेट्या पाठवायच्या होत्या आणि सगळे पत्ते मेसेंजरमध्ये अडकले होते. मग तिने शोधलं, ‘फेसबुक कस्टमर केअर नंबर’. सगळ्यात वर निळ्या चिन्हासकट एक नंबर आला.

माणूस हिंदीत बोलत होता, अगदी अदबीने. “मॅडम, टेन्शन मत लीजिए, आपका केस रजिस्टर कर रहा हूँ.” त्याने केस नंबर दिला, तो लिहूनही घ्यायला लावला. मग प्ले स्टोअरवरून एक अॅप घ्यायला सांगितलं आणि त्यात दिसणारा आकडा वाचून दाखवायला सांगितला. अॅप खरंच आहे, कंपन्यांचे तंत्रज्ञ दूरचा संगणक दुरुस्त करायला असलीच अॅप वापरतात, त्यामुळे फोनने कसलाही धोक्याचा इशारा दिला नाही. पण त्या आकड्यानंतर ताईच्या फोनवर जे जे दिसत होतं ते सगळं त्या माणसाला त्याच्या समोर दिसायला लागलं. मेसेज, मेल, ओटीपी, सगळं.

नंतर व्हॉट्सअॅपवर एक लिंक आली. ‘व्हेरिफिकेशन चार्ज १० रुपये, परत मिळतील.’ फॉर्ममध्ये डेबिट कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरायचे होते. ताईने ओटीपी तोंडाने कुणालाही सांगितला नाही, हे ती आजही ठामपणे सांगते आणि ते खरं आहे. सांगायची गरजच नव्हती. तो स्क्रीनवर आला आणि त्याने वाचला. खात्यातून आधी २४,९९९ रुपये गेले, मग १४,०००. मेसेज वाजले तशी ती घाबरून ओरडलीच. तो शांतपणे म्हणाला, “ये सिर्फ होल्ड हुआ है मॅडम, दस मिनट में रिवर्स हो जाएगा. बस कॉल कट मत कीजिए, वरना प्रोसेस अटक जाएगी.”

ही दहा मिनिटं नीट समजून घ्या, कारण पैशांपेक्षा मोठं नुकसान यात झालं. ताई फोन कानाला लावून पैसे परत येण्याची वाट बघत होती, तेवढ्यात त्याने त्याच्या बाजूला फेसबुकच्या लॉगिन पानावर ‘पासवर्ड विसरलात?’ हे बटण दाबलं आणि ताईचं नाव शोधलं. अकाउंटला जुन्या नंबरसोबत तिचा जीमेलचा पत्ताही जोडलेला होता. फेसबुकने त्यावर सहा आकडी कोड पाठवला. जीमेल ताईच्या नव्या फोनवर चालूच होतं, सूचना वर आली, त्याने कोड वाचला आणि नवा पासवर्ड टाकला.

म्हणजे जे काम ताईला घरबसल्या, फुकट, कुणालाही न विचारता करता आलं असतं, नेमकं तेच त्याने केलं. त्याच्याकडे कसलीही जादू नव्हती. ज्या बटणाकडे आपण घाईत बघत नाही ते त्याला माहीत होतं, इतकंच.

त्यानंतर त्याने अकाउंटवरचा ताईचा ईमेल काढून स्वतःचा घातला. असा बदल झाला की फेसबुक जुन्या ईमेलवर कळवतं, तसं कळवणारं मेल आलंही. तो म्हणाला, “वो मेल फालतू है, डिलीट कर दीजिए.” ताईने केलं. या एका मेलकडे मी पुन्हा येणार आहे.

तेवढ्यात भावजी घरी आले. त्यांनी बँकेचे मेसेज पाहिले आणि मला पुण्याला फोन लावला. मी त्यांना सांगितलं, आधी ताईच्या फोनचं नेट आणि वाय-फाय बंद करा, ते अॅप काढून टाका, तुमच्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड बंद करा आणि लगेच १९३० लावा. हा केंद्र सरकारचा सायबर आर्थिक फसवणुकीचा मदत क्रमांक आहे. तिथे व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम, आपलं खातं हे विचारतात, त्यामुळे बँकेचे मेसेज पुसू नका, समोर ठेवा. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेपर्यंत ती पोहोचते, आणि रक्कम अजून पुढे सरकली नसेल तर तिथेच रोखली जाते. चोर पैसे या खात्यातून त्या खात्यात पळवत असतात, त्यामुळे सगळा खेळ मिनिटांचा असतो. ताईचे २४,९९९ पुढे निघून गेले होते. १४,००० रोखले गेले, आणि ते पुढे न्यायालयात अर्ज केल्यावर, बऱ्याच दिवसांनी, परत मिळाले. फोननंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर सगळी कागदपत्रं जोडून तक्रार पूर्ण करावी लागते. तीही ताईने केली.

बँकेबद्दल एक गोष्ट माहीत असायला हवी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नाही आणि आपलीही नाही, कुठेतरी मध्येच यंत्रणेत घोटाळा झाला, अशा प्रकारात तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर आपली जबाबदारी शून्य असते. पण ओटीपी, पिन असली माहिती आपल्याकडून गेली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ नोंदली जाणं फार महत्त्वाचं. तक्रार क्रमांक मागून घ्या, नुसत्या ‘हो, केलं ब्लॉक’वर फोन ठेवू नका.

पैशांच्या मागे धावताना अकाउंटचा विचार रात्रीपर्यंत कुणी केला नाही. तोवर ताईच्या नावाने तिच्या गिऱ्हाइकांना मेसेज गेले होते, ‘आम की पेटी बुक करनी है तो आज ही अॅडव्हान्स भेजो’, सोबत परका यूपीआय आयडी. ठाण्याच्या एका बाईंनी थेट फोन केला, “ताई, तुम्ही माझ्याशी हिंदीत कधीपासून बोलायला लागलात?” त्या वाचल्या. तिघीजणींनी विश्वासाने पैसे पाठवून दिले होते. ताईला सगळ्यात जास्त लागलं ते हे. स्वतःच्या पैशांसाठी ती रडली नाही, या तिघींसाठी रडली.

अकाउंट परत कसं मिळालं ते सविस्तर सांगतो, कारण इथे लोक हात टेकतात. डिलीट केलेलं मेल जीमेलच्या ‘ट्रॅश’मध्ये तीस दिवस राहतं. तिथे ते सापडलं. ते खरंच फेसबुकचं होतं, पाठवणाऱ्याचा पत्ता ‘फेसबुकमेल डॉट कॉम’ने संपणारा होता, आणि त्यात ‘हा बदल मी केलेला नाही’ असं कळवण्याची लिंक होती. दुसरा आधार होता फुटक्या स्क्रीनचा जुना फोन. फेसबुक जुना, ओळखीचा फोन आणि नेहमीचं वाय-फाय ओळखतं, त्यामुळे परत मिळवण्याची खटपट नेहमी तिथूनच करावी, कुणाच्या तरी लॅपटॉपवरून नाही. भाच्याने जुना फोन चार्ज केला, मेलमधली लिंक त्यावर उघडली, ओळखपत्राचा फोटो दिला, आणि काही दिवसांनी अकाउंट हातात आलं. मेल सापडलं नाही तर फेसबुक डॉट कॉम स्लॅश हॅक्ड किंवा इन्स्टाग्राम डॉट कॉम स्लॅश हॅक्ड हे पत्ते स्वतः टाइप करून उघडा. शोधून येणाऱ्या लिंकवरून जाऊ नका.

त्या काही दिवसांत चोरांची आणखी एक जात भेटली. ताईचं अकाउंट हॅक झालंय असं भाच्याने स्वतःच्या प्रोफाइलवर लिहिलं, तर खाली अनोळखी लोक धावून आले, ‘माझंही गेलं होतं, अमुक एथिकल हॅकरने वीस मिनिटांत काढून दिलं, त्याला मेसेज करा.’ तो ‘हॅकर’ तीन हजार आगाऊ मागत होता. मी हे अगदी कळकळीने सांगतो: एकदा लुटलेल्या माणसाला दुसऱ्यांदा लुटणारी ही टोळी आहे. फेसबुकचं अकाउंट बाहेरचा कुणीही पैसे घेऊन ‘काढून’ देत नाही.

अकाउंट आल्यावर आम्ही जे केलं ते तुम्ही आजच, काही बिघडलेलं नसताना करा. आधी जीमेल, कारण खरी किल्ली तिथे आहे. त्याचा पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण मागणारी सोय, चालू करा, आणि सेटिंगमध्ये आपलं मेल गुपचूप दुसरीकडे पाठवणारं फॉरवर्डिंग किंवा फिल्टर कुणी लावलेलं नाही ना ते बघा. मग फेसबुकमध्ये ‘पासवर्ड अँड सिक्युरिटी’खाली अकाउंट कुठे कुठे उघडं आहे त्याची यादी असते. ताईच्या यादीत अनोळखी शहरातला एक फोन अजून बसलेला होता. सगळीकडून लॉग आउट करून टाकलं. दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली की फेसबुक फोन हाताशी नसताना आत जायला दहा रिकव्हरी कोड देतं, प्रत्येक एकदाच चालणारा. ते ताईने हिशोबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहेत. फोनमध्ये त्यांचा फोटो काढून ठेवू नका.

बंद केलेला मोबाइल नंबर अकाउंटवरून काढलाच पाहिजे. टेलिकॉम कंपनी असा नंबर साधारण ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देऊ शकते, आणि मग तुमचा कोड त्याच्या फोनवर जाईल. पेज असेल तर त्यावर पूर्ण अधिकार असलेलं घरचं दुसरं माणूसही ठेवा. ताईच्या पेजवर ती एकटीच होती, म्हणून ते दिवस पेज पूर्ण चोराच्या ताब्यात राहिलं.

ज्या तिघींचे पैसे गेले त्यांना ताईने स्वतः फोन करून सांगितलं. त्यांच्या खात्यातून गेलेल्या रकमेची तक्रार ताई करू शकत नाही, ज्याचे पैसे गेले त्यालाच १९३० लावावा लागतो. दोघींनी लावला. तिसऱ्या आजी आहेत, घरी मुलाला कळलं तर ओरडेल म्हणून गप्प बसल्या होत्या. भावजींनी मुलाशी बोलून त्यांची तक्रार नोंदवून घेतली. दुसऱ्याच्या नावाने संगणकावरून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६डीखाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. गुन्हेगार तो आहे. लपवायचं काही असेल तर ते त्याने लपवावं, आजींनी नाही.

चोराचा तो नंबर आम्ही केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’ या सोयीत कळवला. पैसे गेले नसले तरी फसवा फोन किंवा मेसेज आला की तिथे तक्रार करता येते. ज्या पानावर नंबर दिसला होता तिथेही ‘चुकीची माहिती’ म्हणून नोंद केली. नंबर उतरला, आणि काही दिवसांनी त्याच नावाखाली दुसरा चढला. तोही कळवला. तुमच्या शोधात असा नंबर दिसला तर दोन मिनिटं काढून तुम्हीही कळवा, आणि घरातल्या ज्यांच्या फोनवर पासवर्ड कधीच विचारला जात नाही, त्यांच्या अकाउंटला कुठला नंबर आणि कुठला ईमेल जोडलेला आहे ते आज संध्याकाळी शेजारी बसून बघून घ्या.