जुन्या घरात हीट पंप: एका हिवाळ्यानंतर

एक अख्खा हिवाळा काढल्यावर खात्रीने सांगते, जाड दगडी भिंतींच्या जुन्या घरातही हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर आत आणून घर तापवणारं यंत्र, व्यवस्थित चालतो. मात्र यंत्राआधी घर तपासून घ्या.

रेडिएटरमध्ये गरम पाणी फिरवून घर तापवणारा आमचा गॅसचा बॉयलर थकला होता. पहिल्या इन्स्टॉलरने त्याच्यावरची पाटी वाचली, २४ किलोवॅट, आणि तेवढ्याच ताकदीच्या नव्या बॉयलरचं कोटेशन दिलं. वरच्या खोल्यांत तो फिरकलाही नाही. दुसरीने प्रत्येक खोलीची, खिडकीची, रेडिएटरची मापं घेतली, माळ्यावर चढून इन्सुलेशन चाचपलं. तिचा हिशेब आला ९ किलोवॅट! गरजेपेक्षा मोठं यंत्र सारखं चालू-बंद होतं, जास्त ऊर्जा खातं आणि लवकर झिजतं. म्हणून हीट पंपचं काम तिलाच दिलं.

तिने सांगितलेली चाचणी प्रत्येकाने करावी. जुना बॉयलर चालू असतानाच, कडाक्याच्या थंडीत, रेडिएटरला जाणारं पाणी ५५ अंशांवर आणून ठेवा. घर उबदार राहिलं तर हीट पंपला अडचण नाही. आमची फक्त उत्तरेकडची खोली गारठली. तिथे दुहेरी पॅनेलचा रेडिएटर लावला. बाकीचे जुनेच ठेवले, पण पाइपांसकट आतून धुऊन घेतले. गंजाचं काळंकुट्ट पाणी निघालं. हे काम टाळू नका.

पाणी ४५ अंशांच्या आसपास ठेवलं की एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. तापमान चढवाल तशी ही बचत घटते. आईला रेडिएटरला हात टेकवून ऊब घ्यायची सवय. आता तो कोमटच लागतो, पण खोली दिवसभर एकसारखी ऊबदार असते. रात्री बंद करून सकाळी झटपट तापवायचं, हे मात्र विसरा.

दमट थंडीत बाहेरच्या युनिटवर बर्फ धरतो, मग ते काही मिनिटं उलटं चालून तो वितळवतं आणि वाफेचे लोट उठतात. त्यात काही बिघाड नाही. युनिट झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली मात्र बसवू नका, रात्री घरघर जाणवते.

हीट पंपसोबत लागणाऱ्या गरम पाण्याच्या टाकीला जागाच नसेल तर कंडेन्सिंग बॉयलर, म्हणजे धुरातल्या वाफेची उष्णताही वापरणारा गॅसचा बॉयलर, घ्या. पण रेडिएटरमधून परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली राहील असं सेटिंग आग्रहाने करून घ्या, नाहीतर वाफेतली उष्णता धुराड्यातून वाया जाते.