एक मोठा प्लॉट की २५ छोटे क्वाड्रॅट? सागाच्या जंगलात काय परवडतं

डेझर्टेशनवाली पोरं दरवर्षी हेच विचारतात, झाडांच्या जाती मोजायला किती क्वाड्रॅट (जमिनीवर आखलेले चौकोन) टाकू, जसं काही वरणात मीठ किती. ठरलेला आकडा नाही बा, आधी तुम्हाला नेमकं काय पाहिजे ते सांगा.

१०० बाय १०० मीटरचा एक प्लॉट म्हणजे एक हेक्टर, अन् २० बाय २० चे २५ क्वाड्रॅट म्हणजेही एक हेक्टरच. पण झाडं घोळक्यानं वाढतात, त्यामुळं विखुरलेल्या क्वाड्रॅटमध्ये सहसा जास्त जाती सापडतात. त्रास असा की मोठ्या प्लॉटची कड ४०० मीटर अन् छोट्यांची मिळून २००० मीटर, म्हणजे पाचपट वेळा टेप धरून "हा धावडा आत की बाहेर" वाद घालत बसायचं. तीच झाडं पाच वर्षांनी पुन्हा मोजायची असतील तर मात्र मोठा प्लॉटच घ्या, तामिळनाडूत मुदुमलाईला १९८८ पासून ५० हेक्टरचा आहे तो त्याचसाठी.

तिसरा पर्याय जेंट्री या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाचा, २ बाय ५० मीटरचे १० पट्टे, एकूण फक्त ०.१ हेक्टर, अन् अडीच सेंटीमीटर जाडीपासूनची खोडं मोजायची. इतर देशांतल्या जंगलांशी तुलना करायला बेस्ट, पण रायमुनियाच्या (घाणेरीच्या) जाळीतून ५० मीटर सरळ दोरी ओढून दाखवा मग बोलू.

आता पुरे कधी झालं? सगळे कर्व्ह बघतात, म्हणजे क्वाड्रॅट वाढवत गेलं की एकूण जाती किती होतात त्याचा आलेख, तो सपाट झाला की पुरे म्हणतात. पेंचकडं आमचे शेवटचे पाच क्वाड्रॅट कोरडे गेले, एकही नवी जात नाही, साग, ऐन, धावडा, लेंडिया, पुन्हा साग, कर्व्ह एकदम सपाट, आम्ही खुश, अन् पाणी प्यायला नाल्यात उतरलो तर समोर अर्जुन, करंज, जांभूळ. सपाट झाला होता तो फक्त माळावरचा कर्व्ह! म्हणून आधी नाला, उतार, माळ असे भाग पाडा अन् प्रत्येकाचा कर्व्ह वेगळा काढा, तोही क्वाड्रॅटचा क्रम बऱ्याचदा उलटापालटा करून.

सोबत चाओ-२ लावा, म्हणजे न सापडलेल्या जाती किती असतील त्याचा अंदाज देणारं सूत्र. समजा ४२ जाती मिळाल्या, त्यातल्या ८ प्रत्येकी फक्त एकाच क्वाड्रॅटमध्ये अन् ४ प्रत्येकी फक्त दोनमध्ये, तर ८ चा वर्ग भागिले ४ ची दुप्पट म्हणजे आणखी ८, अंदाज किमान ५० चा. अजून फिरावं लागेल.

एका सीझनच्या एमएस्सीला मी छोटे क्वाड्रॅटच सांगीन, त्यातच ५ बाय ५ झुडपांना अन् १ बाय १ गवत-रोपट्यांना. रोपटी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मोजा, मे महिन्यात गेलात तर त्या एक मीटरच्या चौकटीत सागाचा पाचोळाच भेटीन.