आयरिश पूर्वजांचा शोध: चर्चची नोंदवही की सरकारी दप्तर?

आयर्लंडमध्ये सर्व धर्मीयांच्या जन्म, मृत्यू व विवाहांची सरकारी नोंदणी 1864 मध्ये सुरू झाली. कॅथलिकेतर विवाह मात्र 1845 पासूनच नोंदले जात होते. त्यामुळे 1845 मध्ये सुरू झालेल्या महादुष्काळापूर्वीच्या कॅथलिक कुटुंबाचा माग काढायचा असेल, तर पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, वह्यांना फारसा पर्याय उरत नाही. राष्ट्रीय ग्रंथालयाने त्या 2015 मध्ये विनामूल्य पाहण्यास खुल्या केल्या असल्या, तरी पुसट अक्षर आणि लॅटिन रूपातील नावे संयमाची परीक्षा पाहतात. चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चच्या अनेक वह्या तर 1922 मध्ये डब्लिनच्या अभिलेखागारासह जळाल्या.

विवाहाच्या बाबतीत सरकारी नोंद सरस ठरते, कारण तीत वधूवरांच्या वडिलांची नावे व व्यवसाय असतात. जन्माच्या बाबतीत मात्र मी बाप्तिस्म्याच्या नोंदीवर अधिक भिस्त ठेवीन: तीत धर्ममाता-धर्मपित्यांची नावे असतात, जे बहुधा नात्यातलेच असत. शिवाय उशिरा नोंदणीचा दंड टाळण्यासाठी पालक सरकारदरबारी जन्मतारीख पुढे ढकलून सांगत, आणि म्हणून काही मुलांचा बाप्तिस्मा चक्क जन्माआधी झालेला आढळतो! मृत्यूच्या जुन्या सरकारी दाखल्यात आईवडिलांची नावे नसतात. तरीही कॅथलिक दफननोंदी विरळ असल्याने तोच पाहावा लागतो.